तिसरी डिव्हिजन, भुसावळ

दुपारचे अडीच. बाहेर शेहेचाळीस पॉइंट दोन.
कूलरच्या जाळीत वाळा खोचलाय, तरी माऊस घामानं सटकतो.
मी फिनलंडमधला एक क्लब उघडून बसलोय,
तिसऱ्या डिव्हिजनच्या तळातला,
ज्याच्या गावाचं नाव मला धड वाचताही येत नाही.
त्याच्यावर भुसावळ टाइप करतो. एंटर.
गेम काही बोलत नाही.

हा बर्फावरच्या हॉकीचा गेम.
आपल्या हॉकीचा मिळाला नाही.
मैदानाच्या प्रकारात एकच पर्याय आहे, बर्फ,
आणि तो खोडता येत नाही. पाहिलं करून.
तेव्हा रेल्वे ग्राउंडवरचा तो मुरूम,
जिथं बॉल उसळला की थेट नडगीवर,
आज दुपारपासून गोठला.
प्रेक्षकक्षमता चारशे,
त्यात कंपाउंडच्या भिंतीवर बसणारे धरलेत.

आप्पा खाटेवर. उशीवर डावा गुडघा.
"कोन कोन घेतले?"
वाचून दाखवतो. सुपडू भिरूड, युसूफ तडवी,
पार्सल ऑफिसातले दोघे झांबरे भाऊ.
"अन् मी?"
तुम्ही डावीकडे. वेग वीस.
"वीस कसाले रे भो? बारा टाक.
पळायचा तो सुपडू. मी निस्ता कोपऱ्यात हुभा राहे,
अन् बॉल आला तं सोडे नही."
बारा टाकतो.
चिकाटीत एकोणीस टाकतो, ते मात्र सांगत नाही.

इथं सहाच जण उतरतात, बाकीचे बाकावर.
आप्पांना हे पटत नाही.
"बाक कुठला? आमच्यात जो खेळत नसंन
तो शेडात, शिफ्टले."
बाकासाठी रकाना आहे. शिफ्टसाठी नाही.

सगळ्यांच्या जन्मसालात पन्नास मिळवले,
एकच फॉर्म्युला, वरून खाली ओढत नेला,
नाहीतर गेम त्यांना पहिल्याच हंगामात रिटायर करतो.
आप्पा आता सत्तावीसचे.
माझ्याहून अकरा वर्षांनी लहान, लग्न व्हायचंय,
गुडघा शाबूत.
दुखापतीच्या रकान्यापाशी थोडा वेळ थांबलो
आणि एक लिहून पुढं गेलो.

मग दोन रकाने शेजारी शेजारी:
सध्याची कुवत, आणि कमाल कुवत,
म्हणजे माणूस जास्तीत जास्त कुठवर जाऊ शकला असता.
युसूफच्या पुढं बोट अडलं.
पाल-यावलकडून आलेला खलाशी, बूट सापडेपर्यंत अनवाणी खेळला,
झोनच्या निवडीला बोलावणं आलं तेव्हा
इटारसीच्या गाडीवर ड्यूटी लागली होती त्याची.
शंभर? एकशे ऐंशी?
आप्पांना विचारलं. शून्य लिहिलं तर काय होतं, त्यांनी उलट विचारलं.
शून्य लिहिलं तर गेमच ठरवतो, आपल्याला न दाखवता.
"मंग शून्यच लिही," ते म्हणाले.
"तव्हा बी तसंच झालं होतं."
मी एकशे ऐंशी लिहिलं.

गोलकीपर एरॉल रॉड्रिग्ज.
बारा बंगल्याकडं राहायचा, पर्थला गेला,
नंतर एक ख्रिसमस कार्ड आलं, मग तेही नाही.
सगळं भरलं, प्रतिक्षिप्त क्रिया अठरा, आक्रमकता वीस
(रेफरीला पॅड फेकून मारलं होतं),
पण जन्मतारखेशिवाय हा गेम माणूस घेत नाही.
आप्पांना एवढंच ठाऊक,
की त्याच्या वाढदिवसाला हरभऱ्याची घाटी निघालेली असायची.
हरभऱ्याची घाटी, असं टाइप करून पाहिलं.
लाल चौकट.

जुन्या क्लबातला एकजण राहून गेलाय.
ओन्नी हाल्मे, गोलकीपर, वय एकोणीस.
दोनदा खोडला, दोनदा परत आला.
त्याच्या गावातही कुणी खाटेवर पडून
विचारत असेल, माझा पोरगा घेतला का.

"राहू दे त्याले," आप्पा म्हणतात,
"एरॉल येईस्तोवर हुभा राहीन.
पन टोपी दे, उन्हाची सवय नसंन."

उपकरणांच्या यादीत टोपी शोधतो.
कूलर कोरडा घरघरायला लागतो.
सेव्ह करून बादली घेऊन उठतो.